शेवटचा आकडा आणि पहिली पसंती

जून महिना उजाडला, की कोपरगावच्या बाजारपेठेतील महा-ई-सेवा केंद्रांवर आणि झेरॉक्सच्या दुकानांवर एक निराळीच गर्दी दिसू लागते. मुलांच्या हातात निकालाचे कागद असतात. वडिलांच्या हातात प्लॅस्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले दाखले असतात. ऊस आणि कांदा पिकविणारे हे शेतकरी कारखान्याचा उतारा, कालव्याचे आवर्तन, बाजार समितीतील भाव हे सारे आकडे सहज समजून घेतात. परंतु मुलाच्या निकालपत्रावरील ‘९४.१२३४५६७’ असा दशांश चिन्हापुढे सात अंक असलेला आकडा पाहिला, की ते शेजाऱ्याला विचारतात, “एवढ्यावर सरकारी कॉलेज मिळंल का?” शेजारी ज्या आत्मविश्वासाने उत्तर देतो, तो आत्मविश्वास बहुधा त्या विषयाच्या माहितीतून आलेला नसतो.

हा प्रश्न केवळ कुतूहलाचा नाही. त्याच्या उत्तरावर मुलगा कोठे शिकेल, घरावर किती कर्ज होईल आणि पुष्कळदा मुलगी पुढे शिकेल की नाही, हे अवलंबून असते. उत्तर देण्याची वेळ शिक्षकांवर, ग्रामपंचायतीच्या सदस्यांवर आणि आमच्यासारख्या शासकीय कर्मचाऱ्यांवर येते. म्हणून चुरशीच्या सार्वजनिक शिक्षणसंस्थांत प्रवेश मिळण्याची शक्यता अजमावायची कशी, आणि तो अंदाज हाती आल्यावर त्याचा उपयोग कोठे करावयाचा व कोठे करावयाचा नाही, याचे विवेचन येथे केले आहे. विस्ताराने विचार अभियांत्रिकीचा केला आहे, कारण तालुक्यातील सर्वाधिक विचारणा त्याविषयीच होते.

जागा पुष्कळ, मग चुरस कशाची?

१९८३ पूर्वी कोपरगावच्या मुलाला अभियंता व्हावयाचे असेल, तर पुणे, कराड, औरंगाबाद किंवा मुंबई गाठण्यावाचून गत्यंतर नव्हते. त्या वर्षी वसंतदादा पाटील यांच्या शासनाने विनाअनुदान तत्त्वावर महाविद्यालये काढण्यास परवानगी दिली आणि सहकारी साखर कारखानदारीच्या या पट्ट्यात कोपरगाव, लोणी व संगमनेर येथे त्याच सुमारास अभियांत्रिकी महाविद्यालये उभी राहिली. २०२५-२६ मध्ये राज्यातील अभियांत्रिकी पदवीच्या जागा दोन लाखांवर पोहोचल्या. त्यांतील हजारो जागा दरवर्षी रिकाम्याही राहतात. म्हणजे ‘कोठे तरी’ प्रवेश मिळणे ही आता अडचण राहिलेली नाही.

अडचण आहे ती मोजक्या सार्वजनिक संस्थांची. १८५४ साली स्थापन झालेले आणि २०२२ पासून स्वतंत्र तंत्रशास्त्र विद्यापीठ झालेले पुण्याचे सीओईपी, १८८७ पासूनची मुंबईची व्हीजेटीआय, मुंबईचीच रसायन तंत्रज्ञान संस्था, सांगलीचे वालचंद महाविद्यालय, नांदेडची श्री गुरु गोविंदसिंहजी संस्था, लोणेरे येथील डॉ. बाबासाहेब आंबेडकर तंत्रशास्त्र विद्यापीठ, आणि कराड, अमरावती, छत्रपती संभाजीनगर, जळगाव, अवसरी खुर्द अशा ठिकाणची शासकीय महाविद्यालये. येथे शुल्क तुलनेने कमी, परंपरा मोठी आणि जागा थोड्या. खरी चुरस या दारांशी आहे.

पर्सेंटाइल म्हणजे टक्के नव्हेत

महाराष्ट्र शासनाचा राज्य सामायिक प्रवेश परीक्षा कक्ष अभियांत्रिकी, औषधनिर्माण व कृषी या शाखांसाठी एमएचटी-सीईटी घेतो. अभियांत्रिकीच्या गटात भौतिकशास्त्र व रसायनशास्त्राचे मिळून १०० आणि गणिताचे १०० असे २०० गुण असतात. चुकीच्या उत्तराला गुण कापले जात नाहीत. सुमारे २० टक्के भर अकरावीच्या व ८० टक्के भर बारावीच्या अभ्यासक्रमावर असतो. परीक्षा संगणकावर, अनेक दिवस आणि अनेक सत्रांत होते. एका सत्राची प्रश्नपत्रिका सोपी व दुसऱ्याची अवघड निघणे अपरिहार्य असल्यामुळे २०१९ पासून निकाल गुणांत न देता पर्सेंटाइलमध्ये, म्हणजेच शतमकात देण्यात येतो.

शतमकाचा अर्थ एवढाच, की आपल्या सत्रातील शंभरांपैकी किती परीक्षार्थी आपल्याइतके किंवा आपल्याहून कमी गुणांचे आहेत. ९४ शतमक मिळविणाऱ्या मुलीने ९४ टक्के प्रश्न सोडविले, असे नव्हे. शंभरांत सुमारे सहाजण तिच्या पुढे आहेत, असे म्हणावयाचे. गावच्या सत्कार-समारंभात फलकावर ‘९४ टक्के’ असे लिहिलेले मी पाहिले आहे. सत्कारापुरते ते चालेल, प्रवेशाच्या अंदाजाला ते चालत नाही.

यातून पहिली महत्त्वाची गोष्ट निष्पन्न होते. शतमक हे प्रमाण आहे, संख्या नव्हे. जागा मात्र संख्येने मोजल्या जातात. २०२४ साली या गटाची परीक्षा सुमारे २ लाख ९५ हजार विद्यार्थ्यांनी दिली, तर २०२५ साली सुमारे ४ लाख २२ हजारांनी. ९८ शतमकाचा विद्यार्थी दोन्ही वर्षी ९८ शतमकाचाच. परंतु २०२४ मध्ये त्याच्या पुढे सुमारे ५,९०० जण होते आणि २०२५ मध्ये सुमारे ८,४००. एका वर्षात रांग अडीच हजारांनी लांबली. नामांकित शासकीय महाविद्यालयाच्या एखाद्या शाखेतील साठ जागा त्या प्रमाणात वाढत नाहीत. “गेल्या वर्षी अमक्याला इतक्या पर्सेंटाइलवर मिळाले” हा दाखला म्हणूनच एकटा उपयोगाचा नाही.

त्यापेक्षा भरवशाचा आकडा म्हणजे राज्य गुणवत्ता क्रमांक. प्रवेश प्रक्रियेसाठी नोंदणी करून कागदपत्रे तपासून घेतलेल्यांचीच ही यादी असते. परीक्षा देऊन अन्यत्र गेलेले, वा नोंदणीच न केलेले त्यातून आपोआप वगळले जातात. प्रत्येक फेरीनंतर प्रसिद्ध होणाऱ्या यादीत शेवटच्या प्रवेशिताचा गुणवत्ता क्रमांक आणि शतमक हे दोन्ही छापलेले असतात. लोक शतमक वाचतात व क्रमांकाकडे दुर्लक्ष करतात. शिक्षकांनी पालकांना आधी क्रमांक वाचावयास शिकवावे.

वैद्यकीय प्रवेशाच्या नीट परीक्षेत हीच गोष्ट अधिक ठळकपणे दिसून आली. २०२४ मध्ये ७२० पैकी ७२० गुण मिळविणारे एकाहून अधिक विद्यार्थी होते. २०२५ मध्ये देशात पहिल्या आलेल्या विद्यार्थ्याचे गुण ६८६ होते. ज्यांनी २०२४ च्या गुणांवरून २०२५ चा अंदाज बांधला, त्यांनी कारण नसताना घरात सुतकी वातावरण करून घेतले. तेथेही गुण नव्हे, क्रमांक पाहावा लागतो.

शेवटचा आकडा काय सांगतो

ज्याला सर्वत्र ‘कट-ऑफ’ म्हणतात, त्याविषयी एक समज दृढ झालेला आहे. महाविद्यालय आधी एक रेषा आखते आणि तिच्यावर असलेल्यांना घेते, असा तो समज. वस्तुस्थिती उलट आहे. कोणतेही महाविद्यालय हा आकडा ठरवीत नाही. जागा भरत जातात, आणि सर्वांत शेवटी ज्याला जागा मिळाली, त्याचा क्रमांक म्हणजे कट-ऑफ. ती अट नव्हे, घडून गेलेल्या घटनेची नोंद आहे. नदीकाठच्या दगडावर गतवर्षीच्या पुराची खूण असावी, तशी. गोदाकाठच्या लोकांना हे वेगळे सांगावयास नको, की खुणेवरून पुराचा अदमास येतो, हमी मिळत नाही.

ही खूण कितपत विश्वसनीय आहे, हे जागांच्या संख्येवर अवलंबून असते. एक हिशेब करून पाहू. एका शाखेत ६० जागा आहेत आणि त्यांतील ७० टक्के, म्हणजे ४२ जागा, त्या विद्यापीठक्षेत्रातील विद्यार्थ्यांसाठी आहेत असे समजू. इतर मागास वर्गाचे आरक्षण १९ टक्के, म्हणजे सुमारे आठ जागा. भटक्या जमाती ‘क’ या प्रवर्गाचे आरक्षण साडेतीन टक्के, म्हणजे दीड जागा; प्रत्यक्षात एक किंवा दोन. जेथे आठ जागा आहेत, तेथील शेवटचा क्रमांक वर्षानुवर्षे फारसा हलत नाही. जेथे एकच जागा आहे, तेथील कट-ऑफ म्हणजे एका विद्यार्थ्याचा क्रमांक. त्या वर्षी तो विद्यार्थी हुशार असेल तर आकडा आकाशाला भिडतो, पुढच्या वर्षी तोच धाडकन खाली येतो. अशा रकान्यावरून ‘मिळणार’ किंवा ‘मिळणार नाही’ असे ठामपणे सांगणे, हे ज्योतिषाच्या जवळ जाणारे आहे. तेथे निदान तीन वर्षांचे आकडे शेजारी-शेजारी लिहून, त्यांतील सर्वांत कठीण व सर्वांत सोपे वर्ष कोणते, एवढेच पाहावे.

यादीतील सांकेतिक अक्षरेही समजून घेणे अवश्य आहे. ‘जी ओपन एच’, ‘एल ओबीसी ओ’ असे त्यांचे स्वरूप असते. पहिले अक्षर ‘जी’ म्हणजे सर्वसाधारण, ‘एल’ म्हणजे महिलांसाठी राखीव. मधला भाग प्रवर्गाचा. शेवटचे अक्षर ‘एच’ असल्यास गृह विद्यापीठाच्या जागा, ‘ओ’ असल्यास गृह विद्यापीठाबाहेरच्या विद्यार्थ्यांच्या जागा आणि ‘एस’ असल्यास संपूर्ण राज्यासाठी एकत्रित जागा. इतर मागास वर्गातील मुलीने केवळ ‘एल ओबीसी’ हा रकाना पाहून थांबू नये. गुणवत्तेवर तिला खुल्या जागाही मिळू शकतात. म्हणून तिचे रकाने चार: जी ओपन, एल ओपन, जी ओबीसी आणि एल ओबीसी. या चारांपैकी सर्वांत मागचा क्रमांक ज्या रकान्यात असेल, ती तिची खरी वेस. अर्ज भरताना संगणक हे सर्व स्वतःच तपासतो. परंतु अंदाज बांधणारा माणूस एकच रकाना पाहून मुलीला नाउमेद करतो, असे पुष्कळदा आढळून येते.

वैजापूरची वेस

शेवटच्या ‘एच’ आणि ‘ओ’ या अक्षरांचा निर्णय बारावीनंतर होत नाही. तो दहावीनंतरच, बहुधा नकळत, होऊन गेलेला असतो.

राज्यातच दहावी-बारावी करणाऱ्या महाराष्ट्राच्या रहिवाशाचे गृह विद्यापीठ, तो बारावी जेथून उत्तीर्ण झाला त्या ठिकाणावरून ठरते. घर कोठे आहे, यावरून नव्हे. कोपरगाव तालुका अहिल्यानगर जिल्ह्यात, म्हणून सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाच्या क्षेत्रात आहे. उत्तरेचा येवला नाशिक जिल्ह्यात, तोही याच क्षेत्रात. पूर्वेला मात्र शीव ओलांडली की वैजापूर तालुका लागतो. तो छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यात, आणि म्हणून डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाच्या क्षेत्रात. दोन गावांत मैला-दोन मैलांचे अंतर, एकच बाजार, एकमेकांत सोयरिकी; पण एका गावचा मुलगा पुण्याच्या यादीत ‘एच’ आणि दुसऱ्या गावचा ‘ओ’. तालुक्यातील मुलाने लातूरला जाऊन तेथील कनिष्ठ महाविद्यालयातून बारावी केली, तर त्याचे गृह विद्यापीठ नांदेडचे स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ होते.

यात नेहमी तोटाच होतो असे नाही. नांदेड किंवा छत्रपती संभाजीनगर क्षेत्रातील एखादे महाविद्यालय मनात असेल, तर फायदाही होऊ शकतो. शिवाय ज्या संस्थांच्या जागा ‘एस’ प्रकारच्या आहेत, तेथे हा प्रश्न उद्भवतच नाही. माझे म्हणणे एवढेच, की हे कळून-सवरून घडावे. शिकवणी एका गावी आणि कनिष्ठ महाविद्यालयातील नाव दुसऱ्या जिल्ह्यात, असा प्रकार अलीकडे सर्रास चालतो. नाव कोणत्या गावच्या पटावर आहे, हे पालकांनी दहावीच्या निकालाच्या आठवड्यातच विचारून घ्यावे. राजस्थानातील कोटा येथे शिकवणीसाठी जाणाऱ्यांनी अधिक सावध असावे. वैद्यकीय प्रवेशात शासकीय महाविद्यालयांतील ८५ टक्के जागा राज्याच्या कोट्यातील असतात, आणि काही अपवाद वगळता दहावी व बारावी दोन्ही महाराष्ट्रातून उत्तीर्ण झाल्याशिवाय त्या कोट्यात उभे राहता येत नाही.

वैद्यकीय प्रवेशासाठी विदर्भ, मराठवाडा आणि उर्वरित महाराष्ट्र अशी ७०:३० ची जी प्रादेशिक विभागणी होती, ती २०२० मध्ये रद्द करण्यात आली. तरीही ती अस्तित्वात आहे असे गृहीत धरून सल्ला देणारे आजही भेटतात. अभियांत्रिकीचा ७०:३० हा नियम वेगळा, वैद्यकीयचा रद्द झालेला ७०:३० वेगळा. आकडे सारखे असल्यामुळे घोटाळा होतो.

अंदाज कशासाठी, क्रम कशासाठी

आता मूळ मुद्द्याकडे वळू. येथे एक अनुभव सांगणे भाग आहे.

२०२५ च्या उन्हाळ्यात तालुक्यातील एका गावची मुलगी आपल्या वडिलांसह भेटावयास आली. तिला स्थापत्य अभियांत्रिकी शिकावयाची होती आणि एका शासकीय महाविद्यालयाचे नाव तिने वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवले होते. गतवर्षीचा शेवटचा क्रमांक तिच्या क्रमांकाच्या किंचित पुढे होता. तेथे जमलेल्या चारचौघांनी, आणि त्यांत मीही होतो, तिला सुचविले, की जे मिळण्यासारखे आहे ते पहिल्या ओळीत लिही, उगाच पहिली पसंती वाया घालवू नकोस. तिने घराजवळचे एक महाविद्यालय आणि दुसरीच शाखा पहिल्या ओळीत लिहिली. पहिल्याच फेरीत ती जागा मिळाली. त्या वर्षीच्या नियमानुसार पहिल्या फेरीत पहिली पसंती मिळाली, की ती जागा आपोआप गोठते आणि पुढील फेऱ्यांतून बदल करून घेण्याची वाट बंद होते. तिसऱ्या फेरीची यादी लागली, तेव्हा त्या शासकीय महाविद्यालयातील स्थापत्यची जागा तिच्या मागच्या क्रमांकावर बंद झालेली दिसली. ती मुलगी काही बोलली नाही. वडिलांनी मात्र मला दूरध्वनी करून विचारले, “साहेब, आपण वाया घालवू नको म्हणालात ते काय होतं?”

मी कला शाखेचा पदवीधर. त्यानंतर नियमपुस्तिका प्रथमच पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंत वाचली. वाचल्यावर जे समजले ते असे.

केंद्रीभूत प्रक्रियेत संगणक विद्यार्थ्यांना गुणवत्ता क्रमाने हाताळतो. एखाद्या विद्यार्थिनीची पाळी आली, की तिची पसंतीची यादी वरून खाली तपासतो आणि तिच्या पात्रतेची जी पहिली जागा शिल्लक असेल, ती देतो. तिने वर पाच अशक्यप्राय महाविद्यालये लिहिली असली आणि ती मिळाली नाहीत, तरी सहाव्या क्रमांकाच्या महाविद्यालयासाठी तिचा हक्क तसूभरही कमी होत नाही. ते तिने पहिल्या ओळीत लिहिले असते, तरी तिची पाळी त्याच क्षणी आली असती. वरची ओळ ‘वाया’ जात नाही, कारण तिला किंमतच द्यावी लागत नाही.

मग लोकांच्या मनात भीती आली कोठून? ती अगदीच निराधार नव्हे. जगात अशा पद्धती होत्या, ज्यांत प्रथम पसंती देणाऱ्यांना आधी जागा वाटल्या जात आणि उरल्यासुरल्या जागांसाठी दुसऱ्या पसंतीचा विचार होई. तेथे पहिली ओळ चुकली, की पुढचीही दारे बंद होत. अमेरिकेतील बोस्टन शहराच्या शाळांत ही रीत होती. ती २००५ मध्ये सोडण्यात आली. चीनमध्येही विद्यापीठ प्रवेशासाठी पुष्कळ प्रांतांत तसेच होते. तेथील प्रांतांनी पुढे ती पद्धत टप्प्याटप्प्याने बदलली. अशा वाटपाची शास्त्रशुद्ध रीत डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ले या दोन गणितज्ञांनी १९६२ साली मांडली होती. शॅप्ले यांना ॲल्विन रॉथ यांच्यासमवेत २०१२ चे अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. आपल्याकडील गुणवत्ताक्रमाने होणारे वाटप त्याच कुळातील आहे. जुन्या पद्धतीची भीती मात्र लोकांच्या मनातून गेलेली नाही.

म्हणून अंदाजाचा उपयोग यादीची लांबी ठरविण्यासाठी करावयाचा, क्रम ठरविण्यासाठी नव्हे. क्रम मनाचा असावा. वर काय लिहावे, हे ‘मला सर्वांत अधिक काय हवे’ यावरून ठरावे. खाली किती लिहावे, हे अंदाजावरून ठरावे. ज्याचे वरचे सर्व पर्याय अवघड आहेत, त्याने खाली जुळणारे आणि त्याखाली भरवशाचे पर्याय पुरेसे लिहिले पाहिजेत. अन्यथा फेरी संपेल आणि हाती काहीच लागणार नाही. ओळी भरण्याचा आळस करणारे याच ठिकाणी फसतात. पंधरा ओळी लिहून उठणारे विद्यार्थी मी पाहिले आहेत आणि शंभर ओळी लिहून निश्चिंत झोपणारेही.

२०२५-२६ च्या नियमांनी या तत्त्वाला एक पुरवणी जोडली. त्या वर्षी चार फेऱ्या ठेवण्यात आल्या. पहिल्या फेरीत पहिली, दुसरीत पहिल्या तीनांपैकी आणि तिसरीत पहिल्या सहांपैकी कोणतीही पसंती मिळाल्यास जागा गोठणार, असे ठरले. आयआयटी व एनआयटी यांच्या प्रवेशांमुळे वरचे विद्यार्थी निघून जातात आणि पुढील फेऱ्यांत शेवटचे क्रमांक सामान्यतः मागे सरकतात. त्यामुळे दुसऱ्या फेरीत केवळ भीतीपोटी दुसऱ्या-तिसऱ्या ओळीत एखादे भरवशाचे महाविद्यालय आणून बसविणे, म्हणजे पुढच्या फेरीतील संधीवर स्वतःच पाणी सोडणे होय. पहिल्या तीन ओळींत, मिळाल्यास ज्यांचे समाधान वाटेल, अशीच नावे असावीत. हे तपशील वर्षागणिक बदलू शकतात. त्या-त्या वर्षाची माहिती पुस्तिका सुविधा केंद्रावर जाण्यापूर्वी वाचावी.

दाखल्यांवाचून अंदाज व्यर्थ

जातीचा दाखला, जात वैधता प्रमाणपत्र, नॉन-क्रीमी लेयर किंवा आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटकाचे प्रमाणपत्र मुदतीत सादर झाले नाही, तर विद्यार्थी खुल्या गटात मोजला जातो आणि राखीव रकान्यावरून बांधलेला सारा हिशेब कोसळतो. नॉन-क्रीमी लेयरच्या प्रमाणपत्राची मुदत ३१ मार्चला संपते, हे ध्यानात न राहिल्यामुळे जूनमध्ये धावाधाव होते. वैधतेचा प्रस्ताव अकरावीतच कनिष्ठ महाविद्यालयामार्फत जावा. त्यासाठी लागणाऱ्या आजोबा-पणजोबांच्या नोंदी शाळेच्या जुन्या रजिस्टरात आणि गावच्या जन्म-मृत्यू नोंदवहीत असतात. येथे ग्रामपंचायत सदस्याचे एक दिवसाचे साहाय्य एखाद्या शिकवणी वर्गाच्या वर्षभराच्या शुल्काहून अधिक मोलाचे ठरते.

शुल्काविषयीही जुनी माहिती सांगितली जाते. २०२४-२५ पासून आर्थिकदृष्ट्या दुर्बल घटक, सामाजिक व शैक्षणिक मागास वर्ग आणि इतर मागास वर्ग यांतील, आठ लाख रुपयांपर्यंत कौटुंबिक उत्पन्न असलेल्या मुलींना केंद्रीभूत प्रक्रियेतून व्यावसायिक अभ्यासक्रमास प्रवेश मिळाल्यास शिक्षण व परीक्षा शुल्काची पूर्ण सवलत आहे. “मुलीला लांब पाठवायचे, फी कोण भरणार?” या प्रश्नाचा अर्धा भाग तरी त्यामुळे निकालात निघतो. उरलेला अर्धा अंतराचा. कोल्हापूरकडे जाणारी महाराष्ट्र एक्स्प्रेस कोपरगावला थांबते आणि कराडलाही. गाडी बदलावी लागत नाही.

एक वही

राज्याच्या याद्या सर्वांना उपलब्ध असतात. परंतु आपल्या शाळेतील विद्यार्थ्यांचे काय झाले, याची नोंद फारच थोड्या ठिकाणी आढळते. एका शिक्षकाने अशी वही ठेवलेली मी पाहिली. त्यात विद्यार्थ्याचे नाव नाही. वर्ष, प्रवर्ग, गुणवत्ता क्रमांक, पहिल्या पाच पसंती, कोणत्या फेरीत काय मिळाले आणि शेवटी कोठे गेला, एवढेच रकाने आहेत. सात वर्षांत ती वही भरत आली आहे. तेथील मुले आधी वही चाळतात आणि मग याद्या उघडतात. ‘आपल्यासारख्याला’ काय मिळते, याचे उत्तर त्यांना परक्याच्या तोंडून ऐकावे लागत नाही.

ती मुलगी आता घराजवळच्या महाविद्यालयात शिकत आहे. अभ्यास बरा चालला आहे, असे वडील सांगतात. तिचा धाकटा भाऊ तालुक्यातीलच कनिष्ठ महाविद्यालयात आहे. त्याच्या वैधतेचा प्रस्ताव अकरावीतच दाखल झाला. मागील महिन्यात ती त्याला घेऊन कार्यालयात आली. माझ्या टेबलावर तिने तीन वर्षांच्या याद्यांतून स्वतः उतरविलेले क्रमांक ठेवले आणि त्यांतील एका ओळीवर बोट ठेवून म्हणाली, “सर, ही पहिली ओळ त्याची आहे. याच्यात कुणी बदल सुचवू नये.”